मन्मथआप्पांचं अनाहत

मन्मथआप्पांनी कुणाला 'कसे आहात' असं विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. माणूस समोर आला, की ते त्याच्या गळ्यापासून पोटापर्यंत एकदा नजर फिरवायचे आणि म्हणायचे, "आज कुठं अडलंय?" नवा माणूस या प्रश्नाने गांगरायचा. कुणी पोटावर हात ठेवायचं, कुणी गळ्यावर, कुणी उगाच गुडघा दाखवायचं. एका बाईंनी तर सरळ शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बोट केलं होतं. आप्पा त्या दिवशी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि दुसऱ्या दिवसापासून दोघांना शेजारी शेजारी बसवून प्राणायाम करायला लावला.

लातूरला आमच्या कॉलनीच्या मागे एका शाळेचं मैदान आहे. त्याच्या कोपऱ्यात कडुलिंबाखाली रोज सकाळी साडेपाचला आप्पांचा योगाचा वर्ग भरायचा. योगशिक्षक म्हटल्यावर जो सडपातळ, गोरागोमटा माणूस डोळ्यांपुढे येतो, तसे आप्पा मुळीच नव्हते. बुटके, पोट थोडं पुढे आलेलं, ढगळ पांढरा लेंगा आणि बंडी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. छातीवर पांढऱ्या दोऱ्यात अडकवलेली चांदीची डबी, आणि डबीत इष्टलिंग. आमच्याकडच्या लिंगायतांमध्ये खूप जण ते वागवतात, पण आप्पांचा हात बोलता बोलता सारखा तिथे जायचा, घरातलं लहान मूल झोपलंय ना हे बघावं तसा.

त्यांचं सगळं आयुष्य डाळमिलमध्ये गेलं होतं. आलेल्या तुरीची वानगी हातात घ्यायची, एक दाणा दाताखाली धरायचा आणि माल वाळलेला आहे की अजून ओला आहे ते सांगायचं, हे त्यांचं काम. मिलच्या धडधडाटात कान अधू झाले होते. त्यामुळे ते मोठ्याने बोलायचे आणि शवासनात 'शांत व्हा' असं इतक्या जोरात सांगायचे, की झाडावरचे पक्षी उडून जायचे. "गिरणीनं माझे कान नेले," ते म्हणायचे, "बरंच झालं. आता आतलं तेवढं ऐकू येतं."

माझं आणि त्यांचं जमावं असं खरं तर काही नव्हतं. मी मूळची नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगरची. लातूरला हृदयविकाराच्या एका दवाखान्यात ईसीजी काढायचं काम करते, त्याला आता पंधरा वर्षं झाली. दिवसाकाठी चाळीस-पन्नास माणसं माझ्या हाताखालून जातात. दार उघडायचं, आडवं करायचं, जेली लावायची, कागदाची पट्टी काढायची, पुढचा. बाहेरची रांग संपवणं ही माझ्यापुरती एक नशाच आहे. हिमायतनगरहून आई गेल्याचा फोन आला तेव्हाही बाहेर तिघं बसले होते. मी त्या तिघांच्या पट्ट्या काढल्या, मशीन पुसलं, चादर बदलली आणि मग बस धरली. घरी पोचले तेव्हा आईला नेऊन झालं होतं.

त्यानंतर माझ्या छातीत मधोमध काहीतरी येऊन बसलं. दुखत नव्हतं, नुसतं बसलेलं होतं. मी स्वतःची पट्टी स्वतः काढली. एकदा नाही, सहा वेळा. सगळ्या नॉर्मल. डॉक्टरांनीही बघितल्या आणि म्हणाले, "काही नाही, टेन्शन आहे. सकाळी फिरायला जात जा." फिरायला गेले, आणि तिसऱ्या दिवशी लिंबाखालून आवाज आला, "ओ बाई, तुम्ही बी या. आज कुठं अडलंय?"

मी छातीवर हात ठेवला आणि त्यांनी विचारायच्या आत सांगून टाकलं, "पण ईसीजी नॉर्मल आहे."

"ईसीजीला न्हाई विचारलं, तुला विचारलं," आप्पा म्हणाले. एका वाक्यात 'तुम्ही'वरून 'तू'वर आले होते. "अन् हे बघ, काय खाल्लंस ते मला सांगू नको. काय गिळलंस ते सांग."

चाळीस माणसांदेखत मी काय सांगणार? म्हटलं, "काही नाही." त्यांनी मान हलवली आणि मला लिंबाच्या बुंध्याकडे तोंड करून बसायला सांगितलं.

अनाहत चक्र हा शब्द मी पहिल्यांदा त्यांच्याकडून ऐकला. पुस्तकात ते जसं लिहिलेलं असतं तसं आप्पांना सांगता यायचं. बारा पाकळ्यांचं कमळ, वायुतत्त्व, 'यं' हे बीज, जागा छातीच्या मधोमध. पण ते तिथे फार रेंगाळायचे नाहीत. "दोन वस्तू आदळल्या की आवाज होतो," ते म्हणायचे. "टाळी वाजली, गिरणी चालली, भांडं पडलं. पर कशावर काही न आदळता एक आवाज आत चालूच हाय. त्याचं नाव अनाहत. तो तुमाला ऐकू येत न्हाई, कारण तुमी त्याच्यावर पोती रचून ठिवलीत." मग एकेक पोतं मोजून दाखवायचे: राग, रुसवा, भीती, मेलेल्याचं दुःख, जित्याचा दुस्वास. हे सगळं अंगात उतरतं असं त्यांचं म्हणणं. खांदे पुढे येतात, पाठीला पोक निघतो, श्वास गळ्याशीच फिरून परत जातो, झोप उडते. "छाती आखडली की माणूस आखडला. मग देणं बी बंद अन् घेणं बी बंद."

मला यातलं निम्मं पटायचं आणि निम्म्याला हसू यायचं. हृदय म्हणजे काय ते मी रोज कागदावर बघत होते. त्यात कमळ कुठे दिसलं नव्हतं. एकदा मी चिडवलंच, "आप्पा, तुमच्या चक्राला बारा पाकळ्या आणि आमच्या मशीनला बारा लीड. आता कुणाचं खरं मानायचं?"

"बारा अन् बारा?" त्यांनी कानामागे हात धरून मला पुन्हा सांगायला लावलं. मग त्यांना इतका आनंद झाला, की पुढचे आठ दिवस येईल त्याला ते सांगत सुटले, "ह्या नांदेडवालीच्या मशीनला बी बाराच तारा हाईत. मामला एकच हाय." नांदेडवाली हे माझं नाव तेव्हा पडलं आणि कायमचं राहिलं.

मी बुंध्याकडे तोंड करून बसत होते त्याला आठवडा होऊन गेला. रोज तेच. श्वास आत, मग 'यं' म्हणत लांब बाहेर. काही व्हायचं नाही. एक दिवस मी वैतागून म्हटलं, "आप्पा, माझ्याच्यानं हे होत नाही. सोडते मी." ते माझ्यामागे, थोडं अंतर राखून खाली बसले. त्यांनी बाईमाणसाच्या अंगाला कधी हात लावला नाही. आपला हात आपल्याच छातीवर ठेवायचा, अशी त्यांची रीत होती.

"कोरडी तूर गिरणीत टाकली तर काय होतं ठाऊक हाय का?" त्यांनी विचारलं. "चुरी होती. डाळ निघत न्हाई. म्हून आधी तेल लावायचं, पाणी मारायचं, ढीग करून ठिवायचं, मग उन्हात टाकायचं. तवा टरफल सुटतं. त्याला वेळ लागतो. तू कोरडीच गिरणीत उतरून राहिलीस. जरा थांब की. कुठं गडबड हाय?"

कुठं गडबड हाय, एवढंच ते म्हणाले. आणि मला त्या बाहेर बसलेल्या तिघांची तोंडं दिसली. एक म्हातारे होते, एक बाई होत्या आणि एक पोलिसातला माणूस होता. तिघांनाही काही झालेलं नव्हतं. तिघंही अर्धा तास थांबू शकले असते. मी बुंध्याला कपाळ टेकवून रडायला लागले, ते उजाडून मैदानात क्रिकेटवाली मुलं येईपर्यंत थांबले नाही. मागून आप्पांचा खणखणीत आवाज येत होता, "शवासनात डोळे मिटायचे असतात! इकडं तिकडं बघायचं न्हाई!" माझ्याकडे कुणी बघू नये म्हणून त्या दिवशी त्यांनी वर्गाला अर्धा तास शवासनात झोपवून ठेवलं होतं. दोघं-तिघं घोरायला लागले होते.

त्या दिवसापासून मी त्यांची झाले. त्यांच्या घरी जायला लागले. महानंदाकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला दारातूनच "आली बाई नांदेडवाली" म्हणायच्या आणि ज्वारीची गरम भाकरी, तव्यावरचं पिठलं पुढे सरकवायच्या. मूलबाळ नव्हतं. दोघंच राहायची आणि दिवसभर एकमेकांशी वरच्या पट्टीत बोलायची, कारण आप्पांना ऐकू यायचं नाही आणि काकूंना सवय झाली होती.

आता एक गोष्ट नीट सांगायला हवी, नाहीतर आप्पांविषयी भलताच समज व्हायचा. ते दवाखान्याच्या विरोधात अजिबात नव्हते. एकदा क्लासमध्ये शिकवणारे एक गणिताचे सर मैदानात आले. डावा हात भरून येतोय, छातीत जळजळतंय, अनाहत बिघडलं असेल तर काही करा म्हणाले. आप्पांनी त्यांना चटईवर बसूसुद्धा दिलं नाही. एकाला मोटारसायकल काढायला लावली आणि मला मागच्या गाडीवर पाठवलं. "चक्र कुठं पळून जात न्हाई. आधी पट्टी काढून ये!" त्या सरांची पट्टी मीच काढली. डॉक्टरांनी ती बघून त्यांना तिथून उठू दिलं नाही. आज ते सर ठणठणीत आहेत आणि अजूनही गणित शिकवतात. अनाहत म्हणजे काळीज नव्हे, काळजाची जागा फक्त शेजारी आहे, हे आप्पा वर्गात दर आठवड्याला बजावायचे. "शेजाऱ्याच्या घरात आग लागली तर आपल्या घरी आरती करत बसू नका."

हे सगळं ज्यांनी दुसऱ्यांना सांगितलं, त्यांनी स्वतःचं मात्र ऐकलं नाही.

एका थंडीत माझ्या लक्षात आलं. सूर्यनमस्कार चालू असताना आप्पा पाचव्या-सहाव्याला थांबायचे आणि वर्गावर नजर फिरवल्यासारखं करत उभे राहायचे. लोकांना वाटायचं, चुका बघतायत. मला घाम दिसायचा. लातूरच्या थंडीत, पहाटे, कपाळावरची विभूती ओली झालेली. एकदा त्यांनी जबडा दाबून धरलेला पाहिला. वर्ग सुटल्यावर विचारलं, "आप्पा, आज कुठं अडलंय?"

ते हसले. पहिल्यांदाच त्यांना कुणी हे विचारलं असावं. मग माझ्याजवळ येऊन हळू बोलले. त्यांचं हळू म्हणजे आपलं नेहमीचं बोलणं.

"अडलेलं न्हाई गं. उघडून राहिलंय. तीस वर्सं वाट बघितली. एकेक पाकळी सुटताना दुखतंच म्हणतात."

"आप्पा, ते उघडणं नव्हे. चालताना येतं, थांबलं की जातं, जबड्यात चढतं. हे मी रोज बघते."

"तू लोकांचं बघतेस. हे माझं हाय." छातीवरच्या डबीवर हात ठेवून ते म्हणाले, "हे बाहेरचं लिंग, हातावर घेऊन पूजा करायचं. आतलं प्राणलिंग हितं. बाहेरच्याला आतल्याची वाट सापडून राहिलीय, तर तू मधी कामून येतेस?"

जो माणूस गणिताच्या सरांना चटईवर बसू देत नाही, तोच स्वतःच्या दुखण्याला पाकळी म्हणत होता. मला राग आला. दोन महिने मी त्यांच्या मागे लागले. चिडले, रुसले, वर्गाला दांड्या मारल्या. शेवटी काकूंना सांगितलं. काकूंनी फार काही केलं नाही. त्यांनी फक्त स्वतःचं जेवण बंद केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आप्पांचा फोन आला, "सोमवारी येतो तुझ्या दवाखान्यात. हिला जेवायला सांग."

सोमवारी आमच्याकडे तोबा गर्दी असते. मी आप्पांसाठी वेळ काढून ठेवायला हवा होता. ठेवला नव्हता. येतील तेव्हा बघू म्हटलं. ते आले ते रांगेतून, नंबर लावून. मी आलोय म्हणून आत सांगा, असं बाहेरच्या माणसाला त्यांनी सांगितलंसुद्धा नाही. दार उघडलं तेव्हा मी मशीनमध्ये कागद भरत होते. मान वर न करता रोजचं वाक्य म्हटलं, "शर्ट काढा, गळ्यातलं सगळं काढा, आडवे व्हा."

"हे न्हाई निघत, पोरी."

आवाज ऐकून मी वर बघितलं. आप्पा बंडी काढून उभे होते आणि डबीवर हात होता. मी हसले. बरं वाटलं मला, आले म्हणून. आणि हसत हसतच, कागद सारखा करत, म्हटलं, "सगळे काढतात आप्पा. दोन मिनिटांचं काम आहे."

दीक्षा झाल्यापासून ते लिंग त्यांनी अंगावेगळं केलेलं नव्हतं. आंघोळीला नाही, आजारात नाही, झोपेत नाही. जीव असेपर्यंत करायचं नाही, असा तो नेम. हे मला माहीत होतं. त्यांच्या घरी बसून, पिठलं-भाकरी खाताना, त्यांनीच सांगितलं होतं. पण त्या खोलीत शिरलं की मला मशीन, कागद आणि दाराबाहेरची खोकणारी माणसं, याशिवाय काही आठवत नाही.

आप्पा क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. आपण चुकीच्या घरी आलो की काय, असं बघतात ना, तसं. मग त्यांनी बंडी घातली. "राहू दे मग. लई माणसं बसलीत भाईर. पुन्हा येतो निवांत."

"नक्की या हं," मी म्हटलं, आणि दाराकडे बघून पुढचं नाव पुकारलं.

डबीचा दोरा जरा वर सरकवून ती गळ्याशी ठेवली असती, तरी सगळ्या तारा नीट लागल्या असत्या. तीही अडचण वाटली तर मुठीत धरायला सांगता आली असती. रोज सकाळी पूजेला ते लिंग डाव्या तळहातावर घ्यायचेच. मला हे सुचलं ते संध्याकाळी, घरी भाजी चिरताना. सुरी तशीच हातात राहिली. फोन करावा असं वाटलं. मग म्हटलं, सकाळी भेटणारच आहोत.

सकाळी भेटलो. आप्पांनी नेहमीसारखं विचारलं, "नांदेडवाले, आज कुठं अडलंय?" आणि मी म्हटलं, "कुठं नाही." तोंडाशी आलेलं परत गेलं. लाज वाटत होती, दुसरं काही नाही. असे अकरा दिवस गेले. रोज मी ठरवून जायचे, की आज सांगायचं, आप्पा, चुकलं माझं, दुपारी या, डबी असू द्या. रोज वर्ग सुरू व्हायचा, संपायचा आणि मला दवाखान्याची घाई असायची.

बाराव्या दिवशी वर्गाला सुट्टी होती. आप्पा शिरूर अनंतपाळला, आपल्या गावी, भावाच्या शेतावर निघाले होते. दुपारची एसटी. खिडकीशी बसले होते, डोळे मिटून, पाठ ताठ. शेजारच्या माणसाला वाटलं, म्हातारा जप करतोय. कपाळाला विभूती, हात छातीवर. त्याने मुद्दाम आपल्या पोराला गप्प बसवलं. शिरूरला सगळे उतरले, हे उतरले नाहीत. कंडक्टरने खांद्याला हात लावला, तेव्हा कळलं.

संध्याकाळी शेतात त्यांना समाधी दिली. लिंगायतांमध्ये देह बसवून मातीत ठेवतात. पुरोहित जंगमांनी मंत्र म्हटले, विभूती लावली, लोकांनी बेल वाहिला. मी बायकांच्या घोळक्यात उभी होते. तेवढ्यात कुणीतरी काकूंना विचारलं, "आधी काही दाखवलं न्हवतं का?"

"दाखवलं व्हतं की," काकू म्हणाल्या. डोळे कोरडे होते. "सोमवारी दवाखान्यात गेलते. ह्या वैशालीनंच पट्टी काढली. चांगली आली म्हणले. घरी येऊन सोता सांगितलं, चांगली आली, आता तू जेव. मी जेवले. मग आता कुणाला बोलायचं? येळच आली व्हती."

सगळ्या बायकांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मलाच माहीत नाही. पण त्यांनी ती हो समजली.

म्हणजे आप्पांनी घरी जाऊन खोटं सांगितलं होतं. काकूंनी जेवावं म्हणून असेल. माझं नाव खराब होऊ नये म्हणून असेल. मी खूप विचार केला आणि मला वाटतं, दोन्हीसाठी. आणि मला हेही माहीत आहे, की ती पट्टी काढली असती तर कदाचित खरंच चांगली आली असती. दुखत नसताना काढलेल्या पट्टीत पुष्कळदा काही दिसत नाही, माणूस घरी जातो आणि तिसऱ्या दिवशी जातो. मी पाहिलेत असे. पण कदाचित दिसलंही असतं. नुसतं दुखणं तोंडून ऐकूनही डॉक्टरांनी ठेवून घेतलं असतं. त्यांच्यापर्यंत मी आप्पांना पोचूच दिलं नाही.

पुढचं वर्ष मी काकूंकडे दर रविवारी गेले. प्रत्येक वेळी, कुणी नवं माणूस आलेलं असलं की काकू तेच सांगायच्या. सगळं केलं, दवाखाना केला, पट्टी चांगली होती, हिनंच काढली. ते सांगताना त्यांचा चेहरा शांत व्हायचा. त्या एका गोष्टीवर त्या उभ्या होत्या. आणि माझ्या छातीत मधोमध पुन्हा काहीतरी येऊन बसलं होतं. यावेळी बुंध्याकडे तोंड करून बसले तरी हलेना. काय गिळलंय ते मला ठाऊक होतं. ते कुणाला सांगायला हवं, तेही ठाऊक होतं. आप्पा असते तर म्हणाले असते, बोलून टाक. मी स्वतःला तसं बजावलं. खरं सांगायचं तर मी काकूंसाठी गेले नाही. माझ्यासाठी गेले.

वर्षाच्या कार्यक्रमाचा आदला दिवस होता. दुपारी काकू पडवीत एकट्याच गहू निवडत बसल्या होत्या, दुसऱ्या दिवशीच्या हुग्गीसाठी, म्हणजे गव्हाच्या खिरीसाठी. मी शेजारी बसले, सूप ओढलं आणि एकदम बोलले. सगळं. मान वर न करणं, गळ्यातलं काढा, सगळे काढतात, पुढचं नाव पुकारणं. पट्टी काढलीच नव्हती, हे शेवटी.

काकूंचा हात थांबला नाही. निवडलेले गहू त्यांनी पुन्हा निवडायला घेतले. मग म्हणाल्या, "म्हंजी ते खोटं बोलले मला."

"तुम्ही जेवावं म्हणून, काकू."

"अन् मी जेवले." त्यांनी सूप खाली ठेवलं. "मला वाटत व्हतं, आपल्याकून काही ऱ्हायलं न्हाई. वर्सभर एवढंच म्हणत झोपत व्हते." मग माझ्याकडे वळल्या. आवाज चढलेला नव्हता. "तुला हलकं वाटलं का आता?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण खरंच हलकं वाटत होतं. छातीतलं ते बसलेलं उठून गेलं होतं, बोलता बोलताच. मी म्हटलं, "हो."

"बरं झालं," काकू म्हणाल्या. "आता तू जा. मला हे कुठं ठिवायचं ते बघू दे."

मी घरी आले. दोन वेळा जिना चढले-उतरले. श्वास अगदी खालपर्यंत जात होता, आणि तो तसा जातोय याची इतकी शरम मला कधी वाटली नव्हती. आप्पांनी छाती मोकळी करायला शिकवलं होतं. मोकळं केलेलं दुसऱ्या कुणाच्या तरी छातीत जाऊन बसतं, हे त्यांनी शिकवलं नव्हतं. कदाचित त्यांना ते पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्या सोमवारी ते घरी जाऊन तसं बोलले.

दुसऱ्या दिवशी जावं की नाही कळेना. गेले. मांडवात पंगती चालू होत्या. काकूंनी मला बघितलं, काही बोलल्या नाहीत, हुग्गीचं पातेलं माझ्या हातात दिलं आणि स्वतः भाताचं घेतलं. आम्ही दोघी एका ओळीत वाढत निघालो, त्या पुढे, मी मागे. उदगीरकडची कुणी लांबची नात्यातली बाई पानावर बसली होती. आप्पा गेल्यावर पहिल्यांदाच आली होती. तिने विचारलं, "असं कसं वो झालं एकदम? दवाखान्यात काही दाखवलं न्हवतं का?"

मी पातेलं घट्ट धरलं. काकू थांबल्या.

"दाखवलं व्हतं की," काकू म्हणाल्या. "ह्या पोरीनंच पट्टी काढली. चांगली आली व्हती." आणि माझ्याकडे न बघता त्यांनी पुढच्या पानावर भात वाढला.